हस्ताक्षरसदृश मुद्राक्षरे आणि मोडी वळण

हस्ताक्षरसदृश मुद्राक्षरे : लेखणीने वा कुंचल्याने लिहिलेल्या अक्षराचा भास व्हावा अशा रीतीने कोरलेली, ओतलेली किंवा संगणकावर आखलेली मुद्राक्षरे. सरळ, उभ्या आणि प्रत्येक अक्षर सुटे ठेवणाऱ्या पुस्तकी मुद्राक्षरांहून ती दिसताक्षणी वेगळी वाटतात. परंतु त्यांच्यापैकी एक दुसऱ्यापासून ओळखणे आणि त्याहीपुढे मुद्रित अक्षर प्रत्यक्ष हाताच्या अक्षरापासून ओळखणे, ही दोन्ही कामे वाटतात तेवढी सोपी नाहीत. मराठीच्या बाबतीत या प्रश्नाला एक विशेष बाजू आहे. सुमारे सातशे वर्षे मराठीचा दैनंदिन व्यवहार ज्या लिपीत चालला, ती मोडी लिपी मुळातच धावत्या हाताची लिपी होती. तिचे खिळे एकदा पाडले गेले आणि तो प्रयोग फार काळ टिकला नाही. हाताच्या अक्षरातील नेमके काय खिळ्यात उतरते आणि काय निसटते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसऱ्या फारच थोड्या लिप्यांत सापडेल.

अक्षराच्या घडणीला मराठीत ‘वळण’ म्हणतात. हा शब्द अर्थपूर्ण आहे. त्यात अक्षराच्या स्थिर आकृतीपेक्षा हाताच्या गतीची कल्पना प्रधान आहे. वळण कित्त्यावरून घोटून, गिरवून हाती येई. फडावर उमेदवारी करणारा मुलगा वडीलधाऱ्या कारकुनाचे अक्षर इतक्या निष्ठेने उचली, की पुढे त्या घराण्याचे किंवा कचेरीचे वळण म्हणून ते ओळखले जाई. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी ही मोडीच्या वळणांची नावे अशीच व्यक्ती, घराणी वा हुद्दे यांवरून पडलेली आहेत. चिटणिशी वळणाचा संबंध परंपरेने शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्याशी जोडला जातो. आजच्या मुद्राक्षर-संचांना आखणाऱ्याचे वा संस्थेचे नाव मिळते, तसाच हा प्रकार होय. भेद एवढाच, की मोडीतील नाव हाताच्या सवयीला मिळालेले होते आणि ती सवय प्रत्येक लिहिणाऱ्यागणिक थोडी बदलत असे.

मोडीची रचना : मोडी लिहिताना लेखक प्रथम कागदाच्या रुंदीभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगीत जाई. बाळबोध लिपीत प्रत्येक शब्द लिहून झाल्यावर त्यावर रेघ दिली जाते. मोडीत रेघ आधी आणि अक्षर नंतर. परिणामी शब्द कोठे संपला हे रेघेवरून कळत नाही. विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. लेखणी शक्य तितकी कमी उचलावी या एकाच हेतूने अक्षरांना गाठी व फास दिलेले आहेत. काना, उकार ही चिन्हे बाळबोधीप्रमाणे अक्षराशेजारी किंवा अक्षराखाली अलग उभी राहत नाहीत, तर अक्षराच्या शरीरात मिसळून जातात. काना बहुधा अक्षराच्या पायथ्यापासून निघून खालून वर शिरोरेषेकडे चढतो, म्हणजे बाळबोधीच्या नेमका उलट. त्यामुळे एकाच व्यंजनाची स्वरागणिक निराळी रूपे होतात. ‘र’ तर जोडाक्षरांत इतकी सोंगे घेतो, की नवशिक्याची पहिली परीक्षा बहुधा तेथेच होते. यांत संक्षेपांची भर पडते. राजश्री, परगणे, मुक्काम, तारीख असे नित्याचे शब्द पहिल्या अक्षरापुढे दंड देऊन आटोपले जात. मोडी वाचणारा माणूस सुटी अक्षरे वाचत नाही. तो शब्दाची एकूण चाल ओळखतो आणि संदर्भाने अक्षरांची निश्चिती करतो.

या लिपीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने तेराव्या शतकात ती प्रचारात आणली, ही समजूत सर्वश्रुत आहे. वि. का. राजवाडे यांनी फार्सीच्या शिकस्ता या धावत्या लेखनपद्धतीकडे बोट दाखविले; ‘शिकस्ता’ याचाही अर्थ मोडलेले असाच आहे. एखाद्या व्यक्तीने लिपी ‘शोधली’ असे मानण्यापेक्षा नागरी अक्षरेच जलद लेखनाने वाकत व जुळत गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

काळ आणि हात : मोडीच्या अभ्यासकांनी तिचे आद्यकालीन, यादवकालीन, बहमनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे टप्पे मानले आहेत. टप्प्यांच्या सीमा राजवटींच्या सनावळीवरून आखलेल्या असल्याने त्या जरा कृत्रिमच आहेत. राज्य बदलले म्हणून कारकुनाचा हात त्या दिवशी बदलत नाही. तथापि टोकांचे फरक डोळ्यांत भरण्याजोगे आहेत. पेशवेकालीन दरबारी मोडी घोटीव, वळणदार आणि समान अंतराची असते. बोरूने लिहिलेल्या या अक्षरात जाड-बारीक रेषांचा खेळ स्पष्ट दिसतो. आंग्लकाळात बोरूची जागा टाकाने व पुढे फौंटन पेनने घेतली. रेषा एकजात बारीक झाली, अक्षर आकसले, गती वाढली आणि पुष्कळदा वाचनीयता गेली. एखादा कागद कोणत्या काळचा हे ठरविताना कागदाची जात, मजकुरातील मायने व कालगणना यांच्याबरोबर अक्षरातील हा फरकही जमेस धरावा लागतो.

उत्तर कोकणात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. वसईच्या किनाऱ्यावरील भुईगावसारख्या खेड्याचा जमीनमहसुलाचा इतिहास जुळवायचा झाल्यास अभ्यासकाला तीन राजवटींचे लेखन वाचता यावे लागते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेथपासून सुमारे दोनशे वर्षांचे दप्तर पोर्तुगीज भाषेत, रोमन लिपीच्या कचेरीतील धावत्या वळणात आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसईचा किल्ला घेतल्यानंतर कारभार मोडीत सुरू झाला. या मोहिमेचा पत्रव्यवहार गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत बाळबोधीत छापला गेला आहे. १८१८ नंतरच्या ब्रिटिश अमलात वरिष्ठ पत्रव्यवहार इंग्रजीत चालला. गावपातळीवर मात्र मोडीच राहिली. रोमन वळण असो वा मोडी, दोहोंतही वाचनाची अडचण एकाच प्रकारची आहे : कारकुनाने अक्षर दुसऱ्याला दिसावे म्हणून नव्हे, तर आपले काम उरकावे म्हणून लिहिलेले असते.

अक्षराची ओळख ही केवळ विद्वानांची आवड नव्हती. पेशवाईनंतर इनाम जमिनींचे हक्क तपासण्यासाठी इनाम कमिशन नेमले गेले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. वतनदारांनी पुढे केलेल्या सनदा पुण्याच्या दप्तरातील नोंदींशी पडताळल्या जात. सनद खरी की बनावट, या निर्णयावर एखाद्या घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका अवलंबून असे. अशा पडताळणीत शिक्का, मोर्तब, मायना यांइतकेच वळणाला महत्त्व असते. महत्त्वाच्या पत्रात मुख्य मजकूर कारकुनाच्या हातचा आणि शेवटच्या एकदोन ओळी धन्याच्या स्वदस्तुरच्या असत. एकाच कागदावर असे दोन हात ओळखता येणे, हे जाणत्या मोडीवाचकाचे लक्षण होय. बनावट लेख करणारा अक्षरांच्या आकृतीची नक्कल सहज करतो. त्याला साधत नाही ती गती. संथपणे रेखाटलेल्या फासात रेषा थरथरते, वेगाने मारलेल्या फासात ती सलग राहते.

श्रीरामपूरचे मोडी खिळे : मोडी मुद्रणात आणण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न महाराष्ट्रापासून दूर, बंगालमध्ये झाला. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनचा विल्यम केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवीत असे. वैजनाथ पंडित त्याचे साहाय्यक होते. १८०५ मध्ये निघालेले केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले गेले, कारण मोडी खिळे तोवर तयार नव्हते. १८१० चा त्याचा मराठी-इंग्रजी कोश मात्र मोडीत निघाला. त्यानंतर १८१४ ते १८१६ च्या सुमारास सिंहासनबत्तिशी, हितोपदेश इ. गद्य पुस्तकेही मोडी खिळ्यांत छापण्यात आली. व्यवहारात लोक जी लिपी वापरतात तीत पुस्तके असावीत, हा केरीचा विचार सकृद्दर्शनी बिनतोड होता. श्रीरामपूरला पंचानन कर्मकार व त्याचा जावई मनोहर यांच्या हातून अनेक पौर्वात्य लिप्यांचे खिळे घडले होते, तेव्हा कारागिरीचीही उणीव नव्हती.

अडचण लिपीच्या स्वभावात होती. खिळा म्हणजे धातूचा चौकोनी ठोकळा. त्याच्या माथ्यावरचे अक्षर शेजारच्या खिळ्यावरील अक्षराला ठरलेल्या एकाच ठिकाणी स्पर्श करू शकते. मोडीत पुढचे अक्षर कोणते यावर आधीच्या अक्षराचा शेवट अवलंबून असतो. ही सारी रूपे पाडायची तर खिळ्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. न पाडली तर मोडीचे मोडीपण जाते. ओळभर ओढलेली शिरोरेषाही खिळ्याखिळ्याच्या तुकड्यांतून जोडावी लागते. म्हणजे ज्या लिपीचा एकमेव गुण वेग, तिला मुद्रणात आणताना तो वेगच निरुपयोगी ठरला. उरले ते तिचे दोष : शब्दांची सरमिसळ, ऱ्हस्व-दीर्घाचा अभाव, परस्परांसारखी दिसणारी अक्षरे. जुळाऱ्याला मोडी आणि बाळबोध सारखाच वेळ घेतात आणि वाचकाला बाळबोध सोपी जाते. मुंबईत अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम याने आणि पुढे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने बाळबोध खिळ्यांना सुबक रूप दिल्यावर मोडीची मुद्रणातील वाट जवळजवळ बंद झाली. मोडीचा ऱ्हास सरकारी हुकुमांनी झाला असे सामान्यतः सांगितले जाते. त्याची सुरुवात वस्तुतः छापखान्यात झाली होती.

अन्य लिप्यांचा अनुभव : यूरोपात हा पेच लवकर उद्‌भवला आणि निराळ्या तऱ्हेने सुटला. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस याच्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफो याने कोरलेले तिरपे अक्षर १५०१ मधील व्हर्जिलच्या पुस्तकात वापरले गेले. ते तत्कालीन इटालियन विद्वानांच्या हस्ताक्षरावर बेतलेले होते. त्यात बरीच जोडरूपे होती. हळूहळू ती गळाली आणि तिरपेपणा तेवढा राहिला. आज इटॅलिक पाहून कोणाला हस्ताक्षर आठवत नाही. १५५७ मध्ये लीआँ येथे रॉबेर ग्रांजाँ याने फ्रेंच कचेरीच्या वळणाचे सिव्हिलिते नावाचे मुद्राक्षर काढले. त्यात अक्षरांची पर्यायी रूपे मुबलक होती. त्याचा प्रसार मर्यादितच राहिला. रॉजे एक्सकोफाँ या फ्रेंच आखणीकाराने १९५३ च्या मिस्ट्राल मुद्राक्षरात सर्व अक्षरांचे सांधे एका उंचीवर आणून सलग लेखनाचा आभास बराचसा साधला. मोडीला जवळचे उदाहरण मात्र उर्दूचे आहे. तिची नस्तालीक लिपी ओळीवर उतरत्या चालीने लिहिली जाते. तिचे समाधानकारक खिळे पाडता न आल्याने उर्दू वृत्तपत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कातिबांच्या हातानेच लिहिली जात होती. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी लिहिलेल्या हजारो जोडरूपांवरून नूरी नस्तालीक संगणकीय जुळणीसाठी सिद्ध झाले, तेव्हा ही कोंडी फुटली. उर्दू समाजाने आपले वळण सोडले नाही, कारण त्याच्यापाशी बाळबोधीसारखी दुसरी सोयीची लिपी हाताशी नव्हती.

शिळाप्रेस आणि खिळा : मोडीला मुद्रणात थोडा आधार मिळाला तो शिळाप्रेसचा. या पद्धतीत स्निग्ध शाईने कागदावर लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून त्यावरून प्रती काढतात. म्हणून लेखकाचा हात जसाच्या तसा छापला जातो. मोडी वाचनाची शालेय पुस्तके व सरकारी कागद या पद्धतीने निघत. मुंबईत गणपत कृष्णाजी यांचा आरंभही शिळाप्रेसपासूनच झाला. १८३१ मध्ये त्यांनी छापलेले पंचांग प्रसिद्ध आहे.

जुने पान शिळाप्रेसचे की खिळ्यांचे, हे ओळखण्याची साधी कसोटी म्हणजे एकच अक्षर दोन जागी शोधून ताडून पाहणे. खिळ्यांच्या छपाईत पानावरील सर्व ‘म’ एकाच साच्यातले असतात, झिजलेल्या वा तुटलेल्या खिळ्याचा अपवाद वगळता. हाताच्या अक्षरात दोन ‘म’ कधीच तंतोतंत जुळत नाहीत. शिरोरेषा भिंगातून पाहिल्यास खिळ्यांच्या जुळणीत ठराविक अंतरावर बारीक फटी दिसतात. ओळीचा शेवटही बोलका असतो. लिहिणारा जागा संपत आली की अक्षरे दाटीने बसवितो, प्रसंगी शेवटचे अक्षर समासात वर चढवितो. खिळ्यांना ही मुभा नाही. मूळ हस्तलिखितात याखेरीज शाईचीही खूण सापडते : बोरू दौतीत बुडविल्यानंतरचे अक्षर गडद, मग उत्तरोत्तर फिके आणि पुन्हा गडद.

बाळबोध हस्ताक्षरसदृश मुद्राक्षरे : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठे व पाट्या यांत हाताच्या अक्षराला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी सुलेखन व संगणकीय मुद्राक्षर या दोन्ही क्षेत्रांत काम केले. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिची गती बाळबोध सुलेखनात आणली. त्याआधी १९७१ मध्ये बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरकलेवरील बृहद्‌ग्रंथ भाषा संचालनालयाने प्रकाशित केला होता. देवनागरी अक्षराच्या घटकांचा इतका बारकाईने विचार त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

दोन बाळबोध मुद्राक्षरे वेगळी ओळखताना काही अक्षरे विशेष उपयोगी पडतात. अ, झ, ण आणि ५, ८, ९ हे अंक यांची मुंबई व कलकत्ता अशी दोन वळणे पूर्वापार आहेत. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची खूण समजली जाते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात हीच रूपे मान्य केली. हिंदीसाठी आखलेल्या संचात ही दोन अक्षरे निराळी दिसतात आणि मराठी वाचकाचा डोळा तेथे नकळत अडखळतो. त्यानंतर पाहावयाचे ते हत्यार. बोरूची जीभ रोमन लेखणीच्या उलट बाजूस तिरपी कापलेली असते. म्हणून बाळबोधीत उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी रेषा जाड आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक येते. रोमन अक्षरे आखण्यास सरावलेल्या हाताने ही जाडी कित्येकदा उलटी दिली जाते. असे मुद्राक्षर कितीही सफाईदार असले तरी बोरूचे वाटत नाही. कुंचल्याची रेषा आणखी वेगळी. ‘यात्रा वन’ हे मुद्राक्षर मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांवर आधारलेले आहे. त्यातील अक्षरांत रंगाऱ्याच्या कुंचल्याचा भरीवपणा आहे, कित्त्याची लवचीकता नाही. याउलट ‘कलम’ हे मुद्राक्षर कागदावर सहज लिहिलेल्या तिरप्या अक्षरासारखे आहे. मात्र ‘पापड’, ‘बाबा’, ‘ननंद’ यांसारखा एखादा शब्द त्यात जुळवावा. दोन्ही प, दोन्ही ब अगदी जुळ्यासारखे निघतात आणि हाताचा भास तेथेच मावळतो. अलीकडील संगणकीय संचांत शेजारच्या अक्षरानुसार रूप बदलण्याची सोय करता येते. केरीच्या मुद्रकांना हवे होते ते नेमके हेच.

मोडीची सद्यःस्थिती : १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारात मोडीऐवजी बाळबोधीचा अवलंब करण्याचे ठरविले; शाळांतील मोडीचे शिक्षण १९५० नंतर लवकरच थांबले. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत ती वाचणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. लिपी गेली, कागद मात्र राहिले. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले मोडी कागद कोट्यवधींच्या घरात आहेत. तंजावरच्या भोसले दरबाराची दप्तरे वेगळीच. महसूल कचेऱ्यांतील जुनी जन्म-मृत्यूची नोंदबुके व जमिनीची पत्रके यांचाही बराच भाग मोडीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचकांची उणीव एकाएकी सर्वांना जाणवली. आंग्लकालीन घाईच्या वळणात लिहिलेले एखादे अक्षर कसे लावले जाते, यावर एखाद्या कुटुंबाला दाखला मिळणे न मिळणे ठरू लागले. इनाम कमिशनच्या काळातील प्रश्न वेगळ्या रूपाने परत आला.

जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले आणि संगणकावर मोडी लिहिणे सुकर झाले. नोटो सान्स मोडी यासारख्या संचांत एका चिन्हाला एक नियत रूप असते. मुळाक्षरे शिकण्यास ते सोयीचे आहे, परंतु त्यावर शिकलेला विद्यार्थी प्रत्यक्ष रुमाल सोडल्यावर गोंधळतो, कारण तेथे सुटे अक्षर क्वचितच भेटते. या कारणाने जाणते शिक्षक मुळाक्षरांनंतर लगेच मूळ कागदांच्या प्रतिमा पुढे ठेवतात आणि एकाच लेखकाची दहा-पंधरा पाने सलग वाचावयास देतात. एक हात सरावाचा झाला की मग दुसरा. यंत्राद्वारे मोडीचे बाळबोधीत लिप्यंतर करण्याचे प्रयोगही याच मार्गाने चालले आहेत. रूडकी येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेल्या कामात शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन अशा तिन्ही वळणांच्या कागदांच्या दोन हजारांवर प्रतिमा आणि त्यांची जाणकारांनी केलेली लिप्यंतरे वापरली आहेत. त्यासाठी छापील वा संगणकीय मोडी उपयोगी पडली नाही. हाताने लिहिलेले कागदच घ्यावे लागले.